बहात्तर किलो

"ऑपरेशन पोटाचं झालं, बाई. डोक्याचं नाही. डोकं ज्याचं त्यानेच सांभाळायचं असतं."

कारागीर म्हणाला. आहार सांगणाऱ्या मॅडम हातातल्या कागदांत काहीतरी शोधू लागल्या. समोरच्या खुर्चीतली लॉन्ड्रीवाली बाई चार वर्षांत नऊ किलो परत वाढल्याचं सांगता सांगता रडकुंडीला आली होती. तिचं रडू जागच्या जागी थिजलं.

कारागिराने पायावर पाय टाकला. असा पायावर पाय टाकून बसता येतं हे त्याला वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा कळलं होतं आणि तेव्हापासून तो दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने बसत नसे.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर ही बैठक भरत असे. पोटाचं ऑपरेशन करून वजन उतरवलेले आणि उतरवायच्या विचारात असलेले पंधरावीस जण गोल बसून एकमेकांना धीर देत. कारागिराला तिथे मानाने बोलावत. आठ वर्षांपूर्वी तो एकशे अठ्ठेचाळीस किलोचा होता. आता बहात्तर. पहिल्या दीड वर्षात उतरलं ते उतरलं, पुढे काटा कधी दोन किलोंच्या वर हलला नाही. मॅडम नव्या लोकांना त्याच्याकडे बोट करून दाखवत, तेव्हा तो नजर खाली वळवी. लाजून नव्हे, तर या सगळ्या पोत्यांकडे बघत बसायचा त्याला कंटाळा येई म्हणून. ह्यांना पाणी प्यायलाही शिकवावं लागतं. हे घासाघासाला चमचा खाली ठेवतात आणि त्याची कौतुकं सांगतात. वाढदिवसाला केकचा एक तुकडा खाल्ला म्हणून ह्यांना महिनाभर झोप लागत नाही, आणि पुढच्या वाढदिवसाला दोन खातात!

"मग तुम्ही काय करता हो?" लॉन्ड्रीवालीने नाक पुसत विचारलं. "मला त्या गोळ्या पाहिल्या तरी मळमळतं. तुम्ही घेता का रोज?"

"पाच वर्षं झाली, एक गोळी तोंडात टाकली नाही. ज्यांना स्वतःचा भरवसा नाही, त्यांनी घ्याव्यात."

"असं नाही हं," मॅडम घाईने म्हणाल्या. "गोळ्या जन्मभर आहेत. आणि दरवर्षी रक्त तपासायचं. तुमचे रिपोर्ट बरेच दिवसांत माझ्याकडे..."

"मॅडम, माझ्याकडे बघा आणि सांगा. मी आजारी दिसतो?"

तो दिसत नव्हता. कडक इस्त्रीचा शर्ट, सपाट पोट, मानेची शीर स्पष्ट दिसेल इतका सडसडीत. मॅडम पुढच्या माणसाकडे वळल्या. पुढच्या महिन्यात लॉन्ड्रीवाली बैठकीला आली नाही. एक भित्री कमी झाली, असं कारागीर मनाशी म्हणाला.

तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करत होता. सव्वीस वर्षं एकच दुकान, एकच टेबल. काचेची कड घासायची, फ्रेमच्या खाचेत बसवायची, मुगाच्या डाळीहून बारीक स्क्रू चिमट्याने उचलून आवळायचा. जाडेपणी त्याचं टेबल मागच्या खोलीत होतं. गिऱ्हाईकांना दिसू नये, अशी मालकांची इच्छा होती आणि ती त्यांनी लपवलीही नव्हती. दुकानात त्याला 'कपाट' म्हणत. "कपाट आलंय का? मग हे आत द्या." ऑपरेशननंतर दोन वर्षांनी मालकांनी त्याचं टेबल पुढे आणलं, रस्त्याकडच्या काचेजवळ, जाणाऱ्या-येणाऱ्यांना कारागीर काम करताना दिसावा म्हणून. हसणारे तेच, कौतुक करणारेही तेच. त्याने दोन्हींसाठी त्यांना माफ केलं नाही.

त्याच्या तिरस्काराला आता बसायला ऐसपैस जागा होती. रस्त्याने धापा टाकत जाणारा माणूस दिसला की तो चिमटा थांबवून त्याला कोपऱ्यापर्यंत नजरेने पोचवून येई. काउंटरवरच्या बाई तर दिवसभर समोरच. विधवा, पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या. चार वाजता न चुकता डब्यातली बिस्किटं चहात बुडवून खाणाऱ्या. त्यांना तो तोंडावर काही बोलत नसे. फक्त चार वाजले की खुर्ची वळवून त्यांच्याकडे पाठ करी.

घरी बायको स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवत असे. टेबलाशी बसलं की तो तिच्या ताटाकडे बघतो, हे तिने पहिल्याच वर्षी सांगून पाहिलं होतं. "मी कुठे काय म्हटलं?" तो म्हणाला होता. "म्हणत नाही, मोजता," ती म्हणाली होती. लग्न झालेली मुलगी भेटायला येई ती जेवून येई.

मग स्क्रू पडायला लागले.

आधी आठवड्यातून एखादा, मग दिवसाला एखादा. चिमट्यात धरला आहे असं वाटे आणि तो टेबलाखाली गेलेला असे. कारागिराने चिमटा बदलला. दिवा बदलला. स्क्रू हलके येतात म्हणून मालकांशी वाद घातला. एक दिवस काउंटरवरच्या बाईंना म्हणाला, "तुमच्या बिस्किटांचा चुरा इथवर येतो. हाताला चिकटतो."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "माझं काउंटर इथून दहा फुटांवर आहे. चुरा काय चालत येतो?"

"खाणाऱ्याला आपला पसारा दिसत नाही."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. दुसऱ्या दिवसापासून त्या चार वाजता मागच्या खोलीत जाऊ लागल्या. तरी स्क्रू पडतच राहिले.

एका सोमवारी दुपारी एक बस ड्रायव्हर आला. चष्म्याच्या एका काचेचा स्क्रू ढिला झाला होता. बिनकडेची फ्रेम, काचेलाच भोक पाडून दांडी बसवलेली. "तासाभरात ड्युटी आहे. दुसरा चष्मा नाही माझ्याकडे," असं सांगून तो समोरच उभा राहिला. कारागिराने स्क्रू आवळला. एरवी कुठे थांबायचं ते बोटांना आपोआप कळे. हाताला एक बारीकशी आडकाठी लागे आणि हात थांबे. त्या दिवशी आडकाठी लागलीच नाही. त्याने अजून अर्धा वेढा दिला आणि काच भोकापासून कडेपर्यंत तडकली.

"अहो!" ड्रायव्हर ओरडला.

"काचच रद्दी होती."

"तीन वर्षं वापरतोय मी ती! आता गाडी कशी चालवू?"

मालक आतून बाहेर आले. त्यांनी काच हातात घेतली, उजेडात धरली आणि कारागिराकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्यांनी त्याच्याकडे नाना तऱ्हांनी बघितलं होतं, पण अशा शंकेने नाही. कारागिराच्या कानशिलाला झणका बसला. "माझ्या कामात खोट काढायची असेल तर दुसरा बघा!" असं म्हणून तो उठला आणि दाराकडे निघाला. चार पावलं गेला असेल.

"कारागीर," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "तुमची चप्पल."

त्याने खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल टेबलाजवळच राहिली होती. थंडगार फरशीवर तो चार पावलं अनवाणी चालून आला होता आणि पायाने त्याला काही सांगितलं नव्हतं.

सगळे बघत होते. ड्रायव्हरसुद्धा. बाई काउंटरमागून बाहेर आल्या, चप्पल उचलून त्याच्या पायाशी ठेवली आणि परत जागेवर गेल्या. ती चढवायला त्याला खाली वाकून हाताने धरावी लागली.

"चप्पल तर सहा महिने निसटतेय," त्या संध्याकाळी बायको म्हणाली. "मी दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, पाय बारीक झाले म्हणून ढिली होते. म्हणताना खूशही झाला होतात." ती रागावली नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी तिने काही न विचारता कामावर रजा टाकली आणि त्याला हॉस्पिटलात नेलं.

चार दिवसांनी रिपोर्ट आले. डॉक्टरांनी ते दोनदा वाचले.

"वजन एकदम उत्तम," ते म्हणाले. "हवं तर तसं लिहून देतो, भिंतीवर लावा. बाकी यात भिंतीवर लावण्यासारखं काही नाही. रक्त निम्म्यावर आलंय. बी-बारा जवळजवळ नाहीच. ऑपरेशननंतर तुमचं शरीर ते अन्नातून पुरेसं घेऊच शकत नाही. बाहेरून द्यावं लागतं. मरेपर्यंत. हे तुम्हाला सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"मग?"

कारागीर टेबलावरच्या रिपोर्टकडे बघू लागला. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"हातापायांच्या नसा सुकत चालल्यात," डॉक्टर म्हणाले. "इंजेक्शनं सुरू करू. काही परत येईल, काही येणार नाही. किती, ते मला आज सांगता येत नाही."

इंजेक्शनच्या खोलीबाहेर बाकावर लॉन्ड्रीवाली बसली होती. कारागिराने तिला पाहिलं आणि तो मुद्दाम दुसऱ्या टोकाला बसला. ती उठून शेजारी आली.

"तुम्ही? तपासणीला?"

"इंजेक्शन."

तिला सगळं लगेच समजलं. वर्षानुवर्षं औषधांच्या रांगेत काढलेल्याला समजतं तसं. आता ही बोलणार, असं त्याला वाटलं. तिच्या जागी तो असता तर सोडलं नसतं. एकेक शब्द घासून, कड काढून तिच्या हातावर ठेवला असता.

"माझं अजून दोन किलो वाढलं," ती म्हणाली. "पण रक्त चांगलं आलं. मळमळतं, तरी घेते गोळ्या. जेवणानंतर घेतल्या की कमी मळमळतं. तुम्ही पण जेवणानंतर घ्या."

आत जाऊन तो इंजेक्शन घेऊन आला. बाहीचं बटण काही केल्या लागेना. बोटं काजाभोवती नुसती फिरत राहिली. लॉन्ड्रीवालीने त्याचा हात ओढून घेतला आणि बटण लावून टाकलं, दिवसाला शंभर शर्ट हाताळणारीच्या सराईतपणे, त्याच्याकडे न बघता. "इस्त्री कोण करतं?" तिने विचारलं. "कॉलर चुकीची दाबलीये." त्याला राग आला. राग आल्याचं बरंही वाटलं.

दोन महिन्यांनी तो दुकानात परत गेला. पायांना थोडी जाग आली होती, बोटांना नाही. मालकांनी टेबल परत मागच्या खोलीत नेलेलं होतं. ते म्हणाले, "काउंटरवरच्या बाई हाताच्या चांगल्या आहेत. तुम्ही सांगा, त्या करतील. जमतंय का बघू." कारागिराने मान हलवली. घरी बसायचं नसेल तर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बाई टेबलाशी बसल्या. तो शेजारी उभा राहिला.

"चिमटा असा नका धरू. मारताय का त्याला?"

"मग कसा?"

"पेन धरतात तसा. हं. आता स्क्रू सरळ. सरळ म्हणजे सरळ, बाई, तुमच्या अंदाजाचं सरळ नाही. फिरवा. अजून. आता हाताला काय लागतंय?"

"काही नाही."

"लागेल. घाई नको. हळू."

"आता... आता जरा अडल्यासारखं वाटतंय."

"तिथेच. बास. सोडा."

बाईंनी सोडलं आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. त्याने चष्मा उचलून दिव्याखाली धरला. काच बसली होती. पण स्क्रूचं डोकं फ्रेमशी सपाट बसलंय की जरासं वर आलंय, ते डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागतं. त्याने अंगठा फिरवून पाहिला. एकदा, दोनदा. अंगठा मुका होता.

मग त्याने चष्मा तोंडाजवळ नेला आणि स्क्रूवरून खालचा ओठ अगदी हलकेच फिरवला.

"कणभर वर आहे," तो म्हणाला. "पाव वेढा अजून."

बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा घेतला, मऊ फडक्याने पुसला, पाव वेढा दिला आणि परत त्याच्या हातात ठेवला.