कोमट पाण्यातली पंधरा मिनिटं

पार्लरमध्ये तिला सगळे कुकर म्हणत. हे नाव कलरदादानं पाडलेलं. केसांना रंग लावण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि माणसांची टोपणनावं पाडण्यातही नव्हतं. "ही आतल्या आत उकळत बसते, तिसऱ्या शिट्टीला आपल्याला कळणार," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. खरं म्हणजे दोन वर्षांत तिची एकही शिट्टी कुणी ऐकली नव्हती. तिथंच तिचं चुकलं.

तिचं काम डोकी धुण्याचं. रोजची पंचवीस, शनिवारी पस्तिसावर. मानेखाली टॉवेलची घडी सरकवायची, पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचं, मग शाम्पू, मग कंडिशनर, आणि ज्यांनी रंग लावून घेतला त्यांचा रंग वेळेवर धुवून काढायचा. तिच्या बोटांत काहीतरी होतं. कडक इस्त्रीच्या साड्या नेसून आलेल्या बायका तिच्या बेसिनवर पाच मिनिटांत घोरायला लागत. तिलाही हे काम मनापासून आवडायचं. दुसऱ्याच्या डोक्यातला ताण आपल्या बोटांखाली सैल पडतोय हे कळण्यात एक सुख असतं, आणि ते तिला रोज पंचवीस वेळा मिळायचं.

पण हातांची पार वाट लागली होती. पेरांवर भेगा, बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे, मनगटापर्यंत सुटणारे पापुद्रे. आणि खाज. दुखलं तर माणूस सांगू तरी शकतो, खाज सुटते म्हटलं की ऐकणारा हसतो. बसमध्ये ती हात ओढणीत गुंडाळून बसायची, कारण शेजारची बाई सरकून बसते हे तिनं एकदा पाहिलं होतं.

शेवटी ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी हात उलटेसुलटे करून पाहिले, काय काम करतेस विचारलं आणि स्पष्ट सांगितलं: हातमोजे घालून काम कर. उघड्या हातांनी असंच चालू ठेवलंस, तर वर्षभरात हे काम कायमचं सोडावं लागेल, मग शाम्पूचा थेंबसुद्धा सोसणार नाही. लावायला मलम दिलं. आणि खाज शमवायला म्हणून सांगितलं, साधे ओट्स अगदी बारीक दळायचे, कोमट पाण्यात कालवायचे आणि हात पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचे. पाणी गरम नको, वासाचं काहीही नको. नंतर हात पुसायचे नाहीत, नुसते टिपायचे आणि ओलसर असतानाच मलम लावायचं. "हे औषध नाही, आराम आहे. औषध म्हणजे हातमोजे," असं त्या दोनदा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमकडे गेली. मॅडम म्हणजे पार्लरच्या मालकीण, गोड बोलून माणसाला उभं चिरणाऱ्यातल्या. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, अरेरे म्हणाल्या.

"पण अगं, डोक्याला माणसाचा हात लागला पाहिजे," त्या म्हणाल्या. "रबर लागलं तर क्लायंट परत कशाला येईल?"

निदान रंग धुताना तरी घालू द्या, असं ती म्हणाली. तर म्हणे, एकदा घातले की सवय लागते. तिनं स्वतः विकत आणलेली हातमोज्यांची जोडी घालून एक डोकं धुतलं, तेव्हा मॅडमनी ती भर पार्लरमध्ये काढायला लावली. गंमत म्हणजे कलरदादाला हातमोजे होते. मॅडमच्या काउंटरच्या वरच्याच ड्रॉवरमध्ये अख्खा खोका असायचा, कारण रंग लावताना नखं काळी होतात. तोच रंग धुताना तिच्या भेगांत जायचा, तो कुणाला दिसत नव्हता.

तर राहिला आराम. थोरली बहीण आणि ती एकत्र राहत. बहिणीनं आधी "हे काय नवीन खूळ" म्हणून नाक मुरडलं, मग स्वतःच मिक्सर काढून बसली. पहिल्या दिवशी जाडसर राहिलं आणि सगळा गाळ तळाशी बसला. बहीण हट्टाला पेटली. पुन्हा दळलं, चाळलं, पुन्हा दळलं, आणि चमचाभर पीठ ग्लासातल्या पाण्यात ढवळून खिडकीपाशी धरलं. पाणी दुधासारखं झालं आणि तसंच राहिलं. "आता घाल हात," ती म्हणाली.

हात आत गेले आणि कुकरच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी महिन्यांनी हात आपले वाटले. पाणी बुळबुळीत, मऊ, आणि खाज अशी उतरत गेली की तिला आधी विश्वासच बसेना. तेव्हापासून ती पिठाचा डबा पार्लरमध्ये न्यायला लागली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटांत जेवायचं, मागच्या खोलीत प्लास्टिकच्या टबात पीठ कालवायचं, आणि राहिलेली पंधरा मिनिटं हात बुडवून गप्प बसायचं. दिवसभरात तेवढीच तिची.

तिथं तिला बाईंनी पाहिलं. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, दर शनिवारी केस धुवून घ्यायला येणाऱ्या. वयामुळे त्यांची कातडी कोरडी पडून दंड खाजत असत. टबात काय आहे, त्यांनी विचारलं. तिनं समजावून सांगितलं आणि अर्धा डबा कागदात बांधून दिला. पुढच्या शनिवारी बाई खूश. दोन वर्षांत पहिल्यांदा शांत झोपले, म्हणाल्या, आणि हे त्यांनी कौतुकानं मॅडमनाही सांगितलं.

झालं. सोमवारी मागच्या खोलीतला प्लास्टिकचा टब गायब. पुढच्या भागात, काचेजवळ, हात-पाय बुडवायला दोन चकचकीत पांढऱ्या कुंड्या, गादीच्या दोन खुर्च्या, वाळूचा एक टायमर आणि भिंतीवर नवा बोर्ड: नाजूक त्वचेसाठी ओट्स-स्नान, हात व पाय, पंधरा मिनिटं. पीठ दळायचं काम तिचं. कालवायचं तिचं. क्लायंटचे हात टिपून द्यायचं काम तिचं. आणि सगळ्यांना सोयीची म्हणून दुपारची वेळ सर्वांत आधी भरली, म्हणजे तिच्या सुट्टीतली पंधरा मिनिटंही गेली. दुसऱ्यांचे मऊ मऊ हात कोमट पाण्यात सोडताना तिची स्वतःची बोटं खाजेनं वळवळत असत. तिच्या अंगाचा तिळपापड होई, आणि तोंडातून निघे काय, तर "पाणी बरोबर आहे ना, मॅडम?" सगळ्याच क्लायंटना मॅडम म्हणायची पद्धत होती तिथं.

आठवड्याभरात मॅडमनी पिठात गुलाबाचं अत्तर ओतलं. तिनं पाहिलं आणि पहिल्यांदाच हात आडवा घातला. वास चालत नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, अशा कातडीवर तो पेटतो, असं तिनं सांगितलं.

"नुसतं पीठ कसं द्यायचं?" मॅडम म्हणाल्या. "पार्लर आहे हे, गिरणी नाही. आणि तू डॉक्टर कधी झालीस?"

कलरदादा लांबून बघत होता. त्यानं बोटांनी खूण केली, एक शिट्टी. तिला त्याचाही राग आला.

शनिवारी बाई आल्या त्या बाह्या वर करूनच. तीन दिवसांपूर्वी त्यांनी हौसेनं या नव्या कुंडीत हात कोपरापर्यंत बुडवले होते. आता दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक, मध्ये मध्ये खाजवून सोललेले. पार्लर भरलेलं होतं. बेसिनच्या खुर्चीवर बँकेतल्या एक वहिनी डोक्याला रंग लावून बसल्या होत्या, टायमर लावलेला. कलरदादाच्या पुढ्यात आणखी एक, केसांच्या बटा उजळायला चंदेरी कागदांत गुंडाळलेल्या. बाईंनी आवाज चढवला नाही. मुख्याध्यापिकांना तो चढवावा लागत नाही. "हे कशानं झालं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मॅडमच्या चेहऱ्याचा रंग उतरला, पण क्षणभरच. त्या पुढे आल्या, कुकरचं मनगट धरलं आणि तिचा हात सगळ्यांसमोर उंच केला.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "हिलाच त्वचेचा आजार आहे. मी हिला कितीदा सांगितलं, पिठाला हात लावत जाऊ नकोस. हिचंच लागलं असणार तुम्हाला. मी माफी मागते."

सगळ्या आरशांतून सगळे चेहरे तिच्या हाताकडे वळले. जो हात तिनं दोन वर्षं ओढणीत लपवला, तो. बँकवाल्या वहिनी रंगाच्या डोक्यासकट खुर्चीत मागे सरकल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मनगट सोडवून घेतलं.

"हे लागत नाही," ती म्हणाली. "हे तुमच्या शाम्पूनं आणि रंगानं झालंय, इथं, या बेसिनवर. आणि बाईंना झालंय ते अत्तरानं. मी नको म्हणत होते."

बाईंनी मॅडमकडे पाहिलं. "हिनं मला घरी दिलं होतं त्याला वास नव्हता," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच कळायला हवं होतं."

मॅडमना आता हे प्रकरण मिटवायचं होतं. आवाज अगदी खाली आणून, दातांवर दात ठेवून त्यांनी तिला सांगितलं की आजपासून पिठाला हात लावायचा नाही, तुझे हात क्लायंटच्या नजरेला पडता कामा नयेत. "मागे उभी राहून डोकी धू तेवढी. जा, वहिनींचा रंग व्हायला आलाय."

म्हणजे पिठात घालायला हे हात घाणेरडे, आणि लोकांच्या डोक्यात घालायला चालतात. रंग उपसायला चालतात. असल्या हिशेबाला काय म्हणावं? ती मागच्या खोलीत गेली, पिशवीतून स्वतःचा डबा आणला. पुढची पांढरी कुंडी खळखळून धुतली, गुलाबाचा वास जाईपर्यंत धुतली. कोमट पाणी सोडलं, मनगटावर पाहिलं, पीठ टाकून ढवळलं. मग क्लायंटच्या गादीच्या खुर्चीत बसली, टायमर उलटा केला आणि दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत आत घातले.

"हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"माझी जेवणाची सुट्टी," ती म्हणाली. "बारा दिवसांची राहिलीये. आज पंधरा मिनिटं घेते."

पहिली चार मिनिटं मॅडम हसून हसून लोकांना काहीबाही सांगत राहिल्या. पाचव्या मिनिटाला वहिनींचा टायमर वाजला. रंगाचं असं असतं की वाजलं की धुवायचा. पाच मिनिटं उशीर झाला तर तपकिरीचा काळा होतो, दहा मिनिटं झाला तर टाळू भाजायला लागते. मॅडमनी कलरदादाकडे पाहिलं. त्यानं हातमोज्यांतले, पांढऱ्या लेपानं माखलेले दोन्ही हात वर केले.

"माझे भरलेत," तो म्हणाला. त्याच्या पुढ्यातल्या क्लायंटच्या डोक्यावर अजून कागद होते, ते खरंच होतं. तरी तो एवढा निवांत कधी दिसला नव्हता.

"अहो, माझं डोकं चुरचुरतंय," वहिनी बेसिनवरून म्हणाल्या.

मॅडमनी एकदा कुकरकडे पाहिलं. ती हलली नाही. दुधट पाण्यात तिची बोटं दिसतसुद्धा नव्हती. मॅडम तरातरा काउंटरकडे गेल्या, न विचारता, न थांबता वरचा ड्रॉवर ओढला, खोक्यातून दोन हातमोजे काढले आणि चालता चालता चढवायला लागल्या. एक चढला. दुसऱ्यात बोटं गेली, आणि त्यांच्या लक्षात आलं की सगळ्या आरशांतून सगळेजण आपल्याकडे बघताहेत.

"घालू नका, मॅडम," कुकर म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण थरथरत होता, आणि तो रागानंच थरथरत होता. "डोक्याला माणसाचा हात लागला पाहिजे."

मॅडमच्या मानेवर लाली चढली. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, एक हात हातमोज्यात, एक अर्धा. वहिनींनी पुन्हा हाक मारली. मॅडमनी दुसरा हातमोजा ओढून पुरता चढवला, बेसिनपाशी गेल्या आणि पाणी सोडलं. पाणी आधी मनगटावर बघायला विसरल्या, वहिनी दचकल्या.

कुकर टायमरमधली वाळू संपेपर्यंत बसली. मग हात बाहेर काढले, टॉवेलनं टिपले, पुसले नाहीत. मलम लावलं, ते मुरेपर्यंत थांबली. बाई शेजारच्या खुर्चीत बसून राहिल्या होत्या. त्यांनी त्यांचे लाल हात पुढे केले, तशी तिनं आपल्या डब्यातलं उरलेलं सगळं पीठ दुसऱ्या कुंडीत कालवून दिलं.

मग ती काउंटरकडे गेली. बेसिनपासून तो ड्रॉवर चार पावलांवर होता. दोन वर्षं ती त्या चार पावलांवर उभी राहून हात सोलत होती आणि वर परवानगी मागायला गेली होती. हा स्वतःवरचा राग मॅडमवरच्या रागाहून मोठा निघाला, आणि तो आता जन्मभर जाणार नव्हता. तिनं ड्रॉवर उघडला, खोका उचलून बेसिनच्या कट्ट्यावर, शाम्पूच्या बाटलीशेजारी ठेवला. एक जोडी काढून चढवली, नीट, बोटाबोटानं.

मॅडम टॉवेल हातात घेऊन बाजूला झाल्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं.

"पुढचं डोकं कुणाचं?" कुकरनं विचारलं.