न पाठवलेली तक्रार

"हात मोडलाय बहुतेक. या वेळी जीव घेईल."

अक्षरं पडद्यावर उमटली आणि पुसली गेली. मग ग्राहकाचा निरोप रीतसर इंग्रजीत आला: फ्रीजचं दार निखळलंय, माणूस पाठवा.

ग्राहकांना उत्तरं देणाऱ्या सोहिनीने मला हाक मारली ती चॅटमध्ये बग, म्हणजे बिघाड आहे असं समजून. आमची कंपनी फ्रीज विकते. मेसेजिंग प्लॅटफॉर्मचे एपीआय, म्हणजे तयार जोडण्या वापरून कंपनीची चॅट विंडो मी बांधली. ग्राहक टाइप करत असतानाच, पाठवण्याआधीच, मजकूर आमच्या माणसाला दिसतो. उत्तरं लवकर तयार होतात म्हणे! हे चोरून वाचणं आहे म्हणून मी साहेबांशी कडाकडा भांडले होते आणि हरले होते. सोहिनी बंगाली, तिला रोमन लिपीतली मराठी म्हणजे नुसता कचरा वाटला. अख्ख्या बंगाली ऑफिसात ती वाचू शकणारी मी एकटी.

ग्राहकाचं नाव लीना, पत्ता याच शहरातल्या बालीगंज भागातला. पुन्हा अक्षरं आली: "तो आंघोळीला गेलाय. कुणीतरी" आणि पुन्हा पुसली गेली. उत्तर द्यायला बोटं शिवशिवत होती. पण आडनावावरून नवराही मराठीच, त्याने फोन बघितला तर तिची धडगत नव्हती. पोलिसांना तरी काय सांगणार? तिने काही पाठवलंच नव्हतं. मी इंग्रजीत लिहिलं, मेकॅनिक निघालाय. आणि आमचे मेकॅनिक बापीदा, त्यांच्याबरोबर मी स्वतःच निघाले. टॅक्सी गडियाहाटच्या गर्दीत अडकली तेव्हा मला रडू फुटायचं बाकी होतं.

दार नवऱ्याने उघडलं. अजेय, बदलीवर आलेला बँक अधिकारी. कडक इस्त्री, तोंडभर हसू. स्वयंपाकघरात फ्रीजचं दार लोंबत होतं आणि त्याच्या कडेला रक्त होतं. लीना ओट्याला टेकून उभी होती. डावा हात सुजून काळानिळा. त्याने तो दारात घालून दार आपटलं होतं, हे कुणी सांगायला नको होतं.

"काय झालं हो?" मी मराठीत विचारलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "पडले."

"अरे वा, तुम्ही मराठी!" अजेय खूश झाला. "संध्याकाळी पाहुणे यायचेत, तेवढा फ्रीज नीट करून द्या."

माझं डोकं फिरलं. ती तक्रार करणार नव्हती. मग मी करेन. पण त्यासाठी त्याचा हात माझ्यावर उठायला हवा होता.

"बायकोवर मर्दुमकी गाजवतोस होय रे, भेकडा? साहेबापुढे शेपूट घालत असशील!"

पहिल्याच ठोशात माझा दात तुटला. दुसऱ्याला मी जमिनीवर आडवी. मग लाथा, बरगड्यांत, पोटात. इतकं दुखेल असं वाटलं नव्हतं. बापीदांनी त्याला मागून धरलं, तर त्याने त्यांना भिंतीवर आपटलं आणि माझा गळा आवळला. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी मरणार, एवढंच कळत होतं.

हाड मोडल्याचा आवाज आला. माझं नव्हतं. गळा सुटला. लीना उजव्या हातात बापीदांचा मोठा पाना घेऊन उभी होती आणि अजेय मनगट धरून गुरासारखा ओरडत होता. तिने पाना पुन्हा उचलला. मी "बास" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. तो तिने त्याच्या गुडघ्यावर घातला.

शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले. अधिकाऱ्याने विचारलं, याला कोणी मारलं?

"मी," मी रक्त थुंकत म्हणाले. तिला वाचवायलाच तर आले होते.

"नाही," लीना मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. तिचा आवाज जिन्यातल्या शेजाऱ्यांनाही ऐकू गेला. "मी मारलं. आता त्याने काय काय केलंय ते लिहून घ्या. नुसतं आजचं नाही. लग्नापासूनचं."