कॉलरवरचा डाग

“आधी चिंधीवर शिव, मग कापडाला हात लाव! विसरलीस तर तुझं तूच निस्तर.” बाईंचा तो आवाज अजून माझ्या लोखंडात घुमतो.

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. कारखान्यातून आले तेव्हा अंगावर काळा चकचकीत रंग होता आणि मानेवर सोनेरी वेल. आता पानं झिजली, देठ तेवढे उरले. पण मला लाज वाटते ती त्याची नाही.

छापखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही सहा मशिनी होतो. घरची कामं उरकून बायका यायच्या आणि बाई त्यांना शिवण शिकवायच्या. कुणाची बाही उलटी लागायची, कुणी सासूच्या मापाला टेप पुरत नाही म्हणून हसवायची. पायडलांचा ताल जुळला की गाणं आपोआप यायचं:

एक टाका तुझा, एक टाका माझा,
शिवण एकच, भार दोघींचा.

सगळ्यांत नवी होती घाई. दोरा ओवायच्या आधीच पायडल मारायची, म्हणून बाईंनीच ठेवलेलं हे नाव. वर्षभरात तिचा हात असा बसला की माझ्यापुढची जागा तिला कायमची द्यायचं ठरलं. शाळेच्या गाणाऱ्या मुलांचे चाळीस पांढरे शर्ट पुरे झाले, की मी तिची होणार होते.

तेलावाचून आम्ही चालत नाही. पण तेल घातल्यावर आधी टाकाऊ चिंधीवर चार टाके मारावे लागतात. जास्तीचं तेल चिंधी पिऊन टाकते. नाहीतर ते सुईवरून उतरतं ते थेट कापडावर.

शेवटच्या दिवशी सकाळी बाईंनी मला तेल घातलं. तेवढ्यात शर्ट बघायला शाळेतल्या मास्तरीणबाई दाराशी आल्या. बाई उठून गेल्या आणि बोलण्यात रमल्या. चिंधी राहिली. घाई आली, बसली, चाळिसाव्या शर्टाची कॉलर तिनं सुईखाली सरकवली. त्या दिवशी तिला कसलीच घाई नव्हती. मुंगीच्या पावलांनी शिवत होती बिचारी. आणि मी त्या शुभ्र कॉलरवर तेलाचा काळा थेंब सोडला.

“तेल घातल्यावर चिंधी चालवली होतीस ना?” बाईंनी मास्तरीणबाईंसमोर विचारलं.

“मी तेल घातलंच नाही, बाई.”

“मग काय मशीनला घाम फुटला?” काजं करणाऱ्या मावशी म्हणाल्या. सगळी खोली हसली.

बाई हसल्या नाहीत. बोलल्याही नाहीत. घाई त्यांच्याकडे बघत राहिली, मग तिनं मान खाली घातली.

माझ्यापाशी दुसरीच कुणी बसू लागली. घाई मावशींशेजारी बटणं लावायला बसली, ती अकरा वर्षं. गाणं सुरू झालं की तिचे पाय नुसत्या जमिनीवर ताल धरायचे. बाई मला रोज पुसायच्या, नको तितकं पुसायच्या. मी मुद्दाम टाका सोडायचे, दोरा तोडायचे. वाटायचं, कुणीतरी विचारील काय झालं म्हणून. कुणीतरी स्क्रू आवळायचं आणि विषय मिटायचा. थेंब माझा आणि भोग तिचे. मित्रांनो, आम्हाला पुसा, तेल द्या, झाकून ठेवा. पण तुमच्या हातून चुकलं तर त्याच दिवशी सांगून टाका. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.

मग विजेवरच्या मशिनी आल्या. “ही जुनी कुणाला हवी?” बाईंनी विचारलं.

“मला द्या,” घाई म्हणाली. “घरी शिवीन.”

“ने बाई. पण घरातलं पांढरं आधी कपाटात कोंड हो!” मावशी म्हणाल्या, आणि पुन्हा हशा.

बाईंचा हात माझ्या मानेवर होता.

“पुरे,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी तेल मी घातलं होतं. चिंधी मी विसरले. हिनं काही केलं नव्हतं. आणि मी गप्प बसले.”

मावशींनी हातातली सुई खाली ठेवली.

“ठाऊक होतं मला,” घाई म्हणाली. “दाराशी बोलत होतात, तेव्हा तेलाची कुपी तुमच्याच हातात होती. पण ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव चारचौघींत घ्यायला जीभ रेटेना. म्हटलं, आज नाही तर उद्या बाई स्वतःच सांगतील. त्याच आशेवर रोज जिना चढत होते.”