शेवटच्या रकान्यातला आकडा

कॅमेऱ्यावरचा हिरवा दिवा सोमवारपासून तीनदा आपोआप लागला होता. संगणक बाळाच्या खोलीत आणि कॅमेऱ्याचं तोंड थेट पाळण्याकडे. कुणीतरी बाळाला बघतंय, याबद्दल तिला शंका नव्हती. नवऱ्याला मात्र होती. काल त्यानं घरात शिरल्या शिरल्या इंटरनेटची वायर उपटली, मग संगणक तपासला, बाहेर कुणाशीच जोडणी नाही म्हणाला आणि निकाल देऊन मोकळा झाला: तुझी झोप होत नाही, म्हणून तुला दिवे दिसतात.

ते वाक्य तिच्या मनात कुसळासारखं टोचत राहिलं.

आज दुपारी बाळ झोपल्यावर तिनं कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि खुर्ची पुढे ओढली. सासूबाई पाळण्याशेजारी मोजे विणत होत्या. तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाचं फाटक सांभाळलेली बाई. विणतानाही अर्धं लक्ष दाराकडे.

"वायर नाही काढत आज?" त्यांनी विचारलं.

"काढली की जोडणीच तुटते, आई. मग जोडण्यांच्या यादीत काय कपाळ दिसणार?"

सासूबाईंच्या सुया थांबल्या. वसतिगृहातही नवे शिपाई हेच करायचे म्हणे. संशयास्पद माणूस दिसला की आधी पिटाळून लावायचे, आणि तो कुठल्या खोलीसाठी आला होता हे कायमचं गुलदस्त्यात. सासूबाईंचा शिरस्ता वेगळा होता. आधी नाव लिहायचं, खोली विचारायची, खोलीतल्या मुलीकडे खात्री करायची. हाकलणं सगळ्यात शेवटी.

इथेही तेच करायचं होतं. तिनं पडद्यावरच्या काळ्या खिडकीत नेटस्टॅटची, म्हणजे चालू जोडण्यांची यादी दाखवणारी आज्ञा दिली आणि ओळी भराभर उतरल्या. प्रत्येक ओळीत आपल्याकडच्या पोर्टचा, म्हणजे दाराचा क्रमांक, पलीकडचा पत्ता आणि शेवटच्या रकान्यात त्या दाराशी बसलेल्या प्रोग्रामचा आकडा. ती एकेक आकडा टास्क मॅनेजरमध्ये शोधून सांगत गेली, सासूबाई वहीत खुणा करत गेल्या. ब्राउझर, प्रिंटर, अँटिव्हायरस. सगळे ओळखीचे.

राहिला ४७१६. नाव विंडोजच्या स्वतःच्याच एका प्रोग्रामचं, अगदी घरच्या माणसासारखं. काल नवऱ्यानं वायर जोडलेली ठेवली असती तरी या नावावरून त्याची नजर घसरली असती. तिनं फाइलची जागा उघडली.

"नाव घरचं," ती म्हणाली, "आणि मुक्काम विंडोजच्या फोल्डरात नाही, डाउनलोडच्या फोल्डरात. रविवारी सकाळी अकरा दहाला आलाय. आम्ही तेव्हा बाळाला डॉक्टरांकडे नेलं होतं."

सासूबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. "मग मीच."

त्यांना बाळासाठी अंगाई हवी होती. फुकट गाणी दिसली, चौकटीनं काहीतरी विचारलं, त्यांनी हो म्हटलं. गाणी काही वाजली नाहीत. तीस वर्षं कुणाला नोंदीशिवाय आत सोडलं नाही, असं म्हणून त्या पाळण्याकडे बघत राहिल्या.

तिला राग आला, आणि त्यांचा चेहरा बघून ओसरलाही. "मग आता नोंद करा," ती म्हणाली. "नाव, दार, वेळ."

त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं. तिनं पडद्याचा फोटो काढला आणि मगच वायर उपटली. प्रोग्राम बंद केला, फाइल काढली. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये त्याचं आणखी एक पिल्लू निघालं, तेही काढलं. अँटिव्हायरसकडून कानाकोपरा तपासून घेतला, सगळे पासवर्ड फोनवरून बदलले. संगणक पुन्हा सुरू करून वायर जोडली आणि यादी परत काढली. शेवटच्या रकान्यातल्या प्रत्येक आकड्याला आता ओळखीचं नाव होतं आणि फाइल योग्य जागी होती. आठवडाभर रोज बघायचं, हेही वहीत लिहिलं गेलं. चिकटपट्टी तेवढी तिनं राहू दिली.

संध्याकाळी नवरा बूट काढत होता, तेव्हाच सासूबाई वही घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"दिवे खरे होते. बाळाला कुणीतरी बघत होतं आणि त्याला आत मी घेतलं. माझी चूक मी लिहून ठेवली आहे. आता कालचं वाक्य तू परत घे."

नवऱ्यानं नोंद वाचली, फोटो बघितला, मग दुसरा बूट हातात तसाच धरून तिच्याकडे वळला. "घेतलं," तो म्हणाला. "मला दाखव ना, कसं शोधलंस."

"वायरला हात लावायचा नाही," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी दुसरी खुर्ची ओढली.