बिल्टीनं आलेलं गवत

गिरिधर जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा त्याच्या नावानं दिल्लीहून रेल्वेची बिल्टी, माल सोडवायची पावती, आली. सुभद्राबाईंनी ती पोस्टमनकडून घेतली आणि न वाचता मनोहररावांच्या ताटाशेजारी ठेवली. मनोहररावांनी जेवण पुरं केलं, हात धुतले, मग चष्मा लावला. प्लास्टिकचं गवत, एक गुंडाळी. घेणाऱ्याचं नाव गिरिधर मनोहरराव भोयर.

गिरिधर मुलींच्या शाळेत हॉकी शिकवत असे आणि घरीही अंगणातल्या भिंतीवर चेंडू मारत राही. एशियाडसाठी दिल्लीत हॉकीच्या मैदानावर असलं गवत अंथरलं, तेव्हापासून त्याचा एकच ध्यास होता. आपल्या पोरी ढेकळांत खेळतात, चेंडू कुठं उसळेल याचा भरवसा नाही. निदान एक पट्टा तरी सरावाला पाहिजे. उरलेले तुकडे विकणारा कोणी व्यापारी त्यानं हुडकून काढला होता. पुढं कावीळ झाली आणि अकराव्या दिवशी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

मनोहरराव तेव्हाही रडले नाहीत. तीस वर्षं ओव्हरसियरकी केलेला माणूस. घाटावर उभं असताना त्यांना एवढंच दिसलं, की चितेच्या ओट्याभोवती पाणी साचलंय आणि उतार उलटा काढलाय. त्यानंतर ते वेळेवर उठत, वेळेवर जेवत. लोक म्हणत, मनोहररावांनी मन घट्ट केलं. त्यांना स्वतःला तसं काही केल्याचं आठवत नव्हतं.

पार्सल ऑफिसातल्या बाबूनं बिल्टी उलटसुलट केली आणि माल ज्याच्या नावानं आहे त्यालाच पाठवा, असं सांगितलं.

"तो वारला," मनोहरराव म्हणाले. मृत्यूचा दाखला त्यांनी आधीच खिशात घातला होता. तो उलगडून काउंटरवर ठेवला.

बाबूनं तो वाचला आणि सहीसाठी रजिस्टर पुढं सरकवलं.

गुंडाळी दोन महिने व्हरांड्यात पडून होती. बारा फूट रुंद, चाळीस फूट लांब, डोळ्यांत खुपेल असं हिरवं. शाळेकडून निरोप आला, आम्हाला द्या, हॉलमध्ये अंथरू. मनोहरराव पाहतो म्हणाले. मे महिन्यात एका सकाळी त्यांनी लहानूला बोलावलं. लहानू त्यांच्या हाताखाली कितीतरी वर्षं रस्त्याच्या कामावर होता. अंगणात चुन्याची आखणी बघून तो बुचकळ्यात पडला.

"साहेब, एवढं खोदा काहून लागते? सतरंजीवानी अंथरून टाकू ना."

"काळी माती हाय गा ही. पावसात फुगते, उन्हात फाटते, अन् पाणी काही पोटात घेत नाही. हिच्यावर सिधं अंथरलं तं दोन पावसांत डबकं होईल."

दीड फूट माती निघाली. तळाला नालीकडे उतार दिला. पाणसळ लावून मनोहररावांनी तो तीनदा तपासला. मधोमध चर खणून गोटे भरले. चिखल वर चढून गिट्टीत घुसू नये म्हणून आधी रेती पसरली, मग गिट्टी, वर बारीक चुरी. लहानूनं पाणी मारून दुर्मुसानं ठोकली. शेवटी गवत ताणून कडेच्या सागवानी पट्ट्यांना खिळलं. उन्हात ते इतकं तापे की पाय ठेववत नसे.

काम चाललं होतं तेव्हा सुभद्राबाई एकदाच बाहेर आल्या. गिरिधर गेल्यापासूनच्या सहा महिन्यांत त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या होत्या.

"कोनासाठी करून राहिले हे?"

मनोहररावांनी हातातली पाणसळ खाली ठेवली. "माल आला," ते म्हणाले. "लावा लागते."

त्या आत गेल्या.

जुलैत तीन दिवस झड लागली. लेआउटच्या वस्तीतल्या सगळ्या अंगणांत घोट्याएवढं पाणी होतं, शेजारचे गोपाळराव विटांवर पाय टाकत जात-येत होते. गवतावर मात्र पाणी ठरत नव्हतं. छत्री घेऊन मनोहरराव कडेला उभे राहिले. खालून पाणी नालीत पडत असल्याचा बारीक आवाज येत होता. काम चोख झालं होतं. आता काहीतरी वाटायला हवं, म्हणून ते बराच वेळ थांबले. मग पाय गार पडले आणि ते घरात आले.

पाऊस उघडला त्या दुपारी फाटकाशी एक पोरगी दिसली, हातात हॉकीची काठी. शीला मेश्राम, गिरिधरच्या संघातली. सरांनी गवत मागवल्याचं तिला माहीत होतं. बघायला आले, म्हणाली. मनोहररावांनी फाटक उघडलं. तिनं चपला काढल्या, गवतावर अनवाणी चार पावलं टाकली आणि पिशवीतून चेंडू काढला.

चेंडू सरळ गेला. कुठं अडला नाही, उसळला नाही. भिंतीला लागून परत आला, तिनं काठीवर घेतला, पुन्हा मारला. टक, टक, टक.

सुभद्राबाई पळतच दारात आल्या. पदर खांद्यावरून घसरला होता, हात पिठाचे. शीलाला पाहिलं आणि त्या जागच्या जागी थिजल्या. मग चौकटीला धरून खाली बसल्या आणि मोठ्यानं रडू लागल्या. शीला घाबरून थांबली.

"तू खेळ वं," मनोहरराव म्हणाले. "थांबू नको."

ते बायकोशेजारी उंबऱ्यावर बसले. तिचा पिठाचा हात हातात घेतला. त्यांना रडू आलं नाही. हात गरम आहे एवढं कळलं. बऱ्याच दिवसांत असं काही कळलं नव्हतं. आत पोळी करपल्याचा वास सुटला, तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही.

जाताना शीलानं विचारलं, उद्या आणखी दोघींना आणू का.

"आण," सुभद्राबाई म्हणाल्या, "पन पाच वाजता. आधी ऊन लागते."