राखेतलं बियाणं

सुनंदाने कॉम्प्युटरच्या खोक्याला कान लावला. आतून पुन्हा तोच आवाज आला, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.

"बंद करा ताई," भिकन म्हणाला. तो जळगावहून नवी हार्ड डिस्क घेऊन रावेरला आला होता. "ही कधी दगा देईल, नेम नाही. बदलूनच टाकू."

"आतलं सगळं नव्या डिस्कवर येईल?"

"येईल. नाहीतर उतरवता उतरवताच जाईल."

सुनंदाने बटण बंद केले. बंद असेपर्यंत निदान आत आहे असे तरी म्हणता येत होते. आत नानांच्या ओव्या होत्या. केळीच्या बागेत उभा जन्म काढलेला तिचा बाप उतारवयात टायपिंग शिकला आणि गावोगावच्या बायांना जात्यावरच्या ओव्या विचारत हिंडला. ओवी टिपायची, दुसऱ्या दिवशी जाऊन त्याच बाईला वाचून दाखवायची. तिने मान डोलावली तरच ती कॉम्प्युटरमध्ये जायची. नाना गेले, तेव्हापासून हे खोके कोणी हलवलेही नव्हते.

"राहू दे सध्या," ती म्हणाली.

दारात ज्वारी पाखडणाऱ्या तिच्या आईने, बेबाबाईने, सूप खाली ठेवले.

"केळ म्हातारी झाली तं तुहा बाप काय करे व माय? रडत बसे? बुडाशी फुटलेलं पील राखे."

ती आत गेली आणि बियांचे मडके घेऊन आली. राखेत हात घालून तिने एकेक फ्लॉपी वर काढली.

"राखेत?" भिकनने कपाळाला हात लावला. "काकू, वाट लावली!"

"नाना म्हने, हे बियानं आहे, जप. बियानं राखीतच जपतात." तिने एक त्याच्यापुढे धरली. फ्लॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, वर केळीच्या सोपटाची गाठ. "मले येडी समजला का रे?"

भिकनने जुन्या डिस्कची वायर काढली आणि स्वतःच्या फ्लॉपीवर मशीन चालू करून सगळ्या तपासल्या. सगळ्यांतल्या ओव्या वाचता येत होत्या.

"दिवाळीपर्यंतचं आहे," तो म्हणाला. "पुढचं फक्त जुन्या डिस्कमध्ये."

"पण दिवाळीनंतर नानांना घराबाहेर पडताच येत नव्हतं," सुनंदा म्हणाली. "मग कोणाच्या ओव्या?"

बेबाबाई मडक्यातली राख सारखी करत राहिली.

"माह्या. गावच्या बठ्ठ्या बाया सरल्या, मंग माहा नंबर लागला."

 सुनंदा भिकनला म्हणाली, "बदला." आणि कागद शोधू लागली.

"कागद आताच कायले? ते उतरलं तं उतरलं, नाही तं मी सांगते. पन दुसऱ्या दिवशी मले वाचून दाखवजो," बेबाबाईने सूप पुन्हा हातात घेतले. "मी मान डोलावली तरच ठेवजो."