दुपारी आडवी होणारी बाई

पेडगावात राजेश्रीचं नाव होतं, आणि ते करण्याचं निम्मं काम राजेश्रीनं स्वतःच केलं होतं. कापूस वेचायला बायका रानात उतरल्या की तिच्या वाटची ओळ, तिची पात, सगळ्यांच्या पुढं असायची. कमरेला बांधलेली कापसाची ओटी आधी तिची भरायची आणि पाणी प्यायला ती सगळ्यांच्या शेवटी बसायची. आठ बायकांची त्यांची सावड होती. आज सगळ्यांनी मिळून हिच्या रानात वेचायचं, उद्या तिच्या. कष्टाची फेड कष्टानंच. त्या सावडीत कोण यावं आणि कोण नको, हे राजेश्री ठरवायची. तिला कुणी नेमलेलं नव्हतं, पण नेमायची वाट पाहत बसणाऱ्यांतली ती नव्हती.

अकरा वर्षांमागं तिची शेजारीण सगुणाबाई वेचता वेचता दुपारी लिंबाखाली आडवी व्हायला लागली. दोन-चार दिवस राजेश्रीनं नुसतं बघितलं. मग उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "सगुणामावशीला येचायला बोलावलंय का झोपायला?" बायका हसल्या. सगुणाबाई उठली, ओटी बांधली, दिवस मावळेपर्यंत वेचत राहिली आणि दुसऱ्या दिवसापासून सावडीत आली नाही. तेव्हापासून आपल्या दोन एकरांतला कापूस ती एकटीच वेचते. राजेश्रीला त्याचं काही वाटलं नव्हतं. दुपारी आडवी होणारी बाई म्हणजे घराला लागलेली वाळवी, असं तिचं मत होतं आणि ते ती न विचारता सांगायची.

सत्तेचाळिसावं लागलं आणि वाळवी तिच्या स्वतःच्या हाडांत शिरली.

पाळी एखाद्या महिन्यात दोनदा यायची, मग दोन महिने पत्ता नसायचा. भर थंडीत मानेवरून घाम निथळायचा. पहाटे तीनला डोळे टक्क उघडायचे आणि दुपारी दोनला असे मिटायचे की जणू कुणी वरून झाकण लावलं. एकदा तर हातात कापसाचं बोंड धरून ती उभ्या उभ्या डुलली. सावडीतली बबिता मागून आली म्हणून बरं, नाहीतर पात सोडून कापसाच्या पऱ्हाटीतच कोसळली असती. किडा बघत होते, असं तिनं सांगून टाकलं.

उपकेंद्रातल्या सिस्टरनं रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि नीट समजावून सांगितलं. पाळी जायचे दिवस आले की शरीर असं काही वर्षं वर-खाली होतं. रानातलं काम ते कामच, त्याला व्यायाम म्हणू नका. रोज अर्धा तास चाला, पण बोलता येईल इतपतच. आणि दुपारी अर्धा तास पाठ टेका. दुसऱ्या दिवशी जास्त थकवा वाटला तर चालणं कमी करा, पडणं नाही.

राजेश्रीनं यातलं निम्मं घरी आणलं. चालायला सांगितलंय हे चारचौघांत सांगण्यासारखं होतं. पडायला सांगितलंय हे सांगायला तोंडच नव्हतं, ते तिनं अकरा वर्षांमागं वापरून टाकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी नवऱ्याचे, भागवतचे, कापडी बूट चढवून ती पहाटे फाट्याकडं निघाली. बूट दोन बोटं मोठे होते म्हणून पुढं चिंध्या कोंबल्या. बोलता येईल इतपत चालणं तिला हलकं वाटलं, म्हणून ती तरातरा निघाली. आता गावाकडं बाई अशी पहाटे तरातरा चालली की त्याचा एकच अर्थ होतो. पहिल्या माणसानं विचारलं, "कोण गेलं ओ?" दुसऱ्यानं विचारलंसुद्धा नाही, नुसते हात जोडले. तिसरा गावातलाच अंगद. त्यानं मोटारसायकल थांबवली, वैनी बसा म्हणाला, आणि नको नको म्हणत असताना तिला फाट्यापर्यंत सोडून आला. व्यायामाला निघालेली बाई मोटारसायकलवरून गेली आणि बूट घासत परत आली. तरी आठवडाभर तिनं नेट धरला, रोज अर्ध्या वाटेतून परतावं लागलं तरी. आठव्या दिवशी भाकरी थापता थापता तिला रडू आलं. धूर लय झालाय, असं ती म्हणाली. चूल केव्हाच गेली होती, घरात गॅस होता.

मग तिनं ती युक्ती काढली आणि आपल्या अकलेवर खूशही झाली. दुपारी जेवण झालं की सगळ्यांना ऐकवायचं, मी चालून येते. मग पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं, घराला वळसा घालून गोठ्याच्या दारानं आत यायचं आणि पुढच्या खोलीत पहिल्या वेचणीच्या कापसाचा ढीग होता त्यावर अंग टाकायचं. तासाभरानं तोंडावर पाणी मारून, बूट घालून बाहेर यायचं. तीन आठवडे हे बिनबोभाट चाललं. गावात बोलबाला झाला की राजेश्री भर उन्हात फाट्याला जाऊन येते, या वयात, काय ती ताकद. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खरं सांगायचं तर तासभर पडल्यामुळं तिच्यात खरंच ताकद आली होती. हे मात्र तिनं स्वतःपाशीसुद्धा कबूल केलं नाही.

बबिताच्या रानातल्या वेचणीचा दिवस होता. रान गावाला लागूनच. जेवणाच्या सुट्टीत राजेश्री चालायला म्हणून निघाली ती चार वाजले तरी परतली नाही. उन्हात कुठं चक्कर येऊन पडली का, या काळजीनं बबिता, बानूबाई आणि सावडीतल्या आणखी तिघीजणी तिच्या घरी आल्या. बघतात तर दाराला कुलूप आणि आतून घोरण्याचा आवाज.

"घरात कापूस हाय," बानूबाई दबक्या आवाजात म्हणाली. "चोर शिरलाय."

चोर चोरी सोडून घोरतोय कशाला, हा प्रश्न कुणाला पडला नाही. अंगणात रचलेल्या वाळक्या पऱ्हाट्या हातात आल्या. बबितानं कडी वाजवली तशी राजेश्रीला आत जाग आली. बाहेरची कुजबुज ऐकून ती ढिगावरच उठून बसली. आता अब्रू जाणार. उद्यापासून तिच्या पातीला हसतील, आणि ज्या शब्दांनी हसतील ते शब्दही तिचेच असतील. तेवढ्यात बाहेर सगुणाबाईचा आवाज आला.

"काय करायल्यात ओ इथं? कुणी न्हाई आत. मांजर हाय."

"मांजर घोरते का मावशी?"

"ही घोरते. मी रोज ऐकायले. राजेश्री गेली चालायला, मी जाताना बघितली."

 राजेश्रीनं संधी साधली. बूट चढवले, तोंडावर पाणी मारलं, गोठ्याच्या दारानं सटकली आणि वळसा घालून धापा टाकत अंगणात हजर झाली. आज फाट्याच्याही पुढं गेले, असं म्हणत तिनं पदरानं घाम पुसला. बायका तिच्याकडं बघतच राहिल्या. तिच्या केसांत, कानाच्या पाळीवर, भुवयांवर कापूस चिकटला होता आणि एका गालावर सरकीचे वळ उमटले होते. पाय नेमके उलट्या बुटांत होते.

कुणी हसायच्या आत सगुणाबाई पुढं झाली आणि तिच्या केसांतला कापूस वेचायला लागली. "सकाळपासून येचायली बिचारी, चिकटणारच की," ती बायकांना म्हणाली.

एवढ्यावर निभावलं असतं. बायकांनी मान डोलावली असती आणि राजेश्रीची मूठ झाकलेलीच राहिली असती. पण केसांवरून फिरणारा तो हात तिला सोसवेना. याच हाताला तिनं अकरा वर्षं एकट्यानं राबायला लावलं होतं, आणि तोच हात आज तिची अब्रू झाकत होता. लाज वाटली. अगदी मनापासून लाज वाटली.

"मी झोपले व्हते," ती म्हणाली. "रोज झोपते. फाट्याला मी एकदाच पोचले, ते बी अंगदच्या गाडीवर." मग तिनं सगुणाबाईकडं वळून बघितलं. "मावशी, तुमाला तवा बोलले ते लय वाईट बोलले. मला ठावं नव्हतं."

"ठावं कसं असंल? तुझं वय छत्तीस व्हतं," सगुणाबाई म्हणाली. "आपल्या मधली भिंत पातळ हाय, राजेश्री. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग कुणाला सांगितलं कसं न्हाई?"

सगुणाबाईनं तिच्या भुवईवरचा शेवटचा कापूस काढला. "सांगितलं असतं तर तू पडली नसतीस. पड म्हणलं मनात. मला कुणी पडू दिलं न्हाई."

 बबितानं हातातली पऱ्हाटी खाली टाकली. मग तीच हळूच म्हणाली की दोन महिने झाले, तीही संडासाच्या नावाखाली बांधाआड जाऊन पडते. बानूबाई शेळी बघायच्या नावाखाली तेच करत होती. सावडीत धडधाकट अशी एकही बाई नव्हती, नुसती सोंगं होती, आणि सगळ्यांत मोठं सोंग पुढच्या पातीवर होतं.

दुसऱ्या दिवशी वेचणी सगुणाबाईच्या रानात लागली. अकरा वर्षांनी तिच्या दोन एकरांत तिच्यासकट नऊ ओट्या एकदम भरल्या. दुपारी राजेश्रीनं स्वतः लिंबाखाली पोती अंथरली आणि अगदी झाडाबुडीचं, गर्द सावलीतलं पोतं सगुणाबाईला दिलं. सिस्टरनं सांगितलेलं दुसरं निम्मंही तिनं आज सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

पाठ टेकताच सगुणाबाई घोरायला लागली. ती असली घोरली की झाडावरचा होला उडून गेला. राजेश्रीला काही डोळा लागेना. एरवी तिनं एखादा टोला हाणलाच असता. पण ती जीभ दाताखाली धरून उठली, स्वतःचं पोतं घडी करून सगुणाबाईच्या उशाला सारलं आणि अनवाणीच बांधाबांधानं चालायला लागली, बोलता येईल इतपत, सावकाश.